बाबांची कंबर आणि माझं दूध

रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लागला की माझ्या अंगावर काटा येतो. बाभळीला कापूस लागत नाही हे मलाही ठाऊक आहे, बत्तीस वर्षं शाळेत शिकवलंय मी. पण आर्वीकडून वर्ध्याला येणाऱ्या गाड्या कापसानं अशा काही फुगलेल्या असतात, की वाटेतली प्रत्येक बाभूळ त्यांच्याकडून मूठभर ओढून घेतेच. पूर्वी बैलबंड्या असायच्या, आता ट्रॅक्टर असतात. बाभळींची सवय काही सुटलेली नाही. दिवाळी सरते, सकाळी स्वेटर लागतं, दुपारी ते काढून हातात धरावं लागतं, आणि हवेत तो कापसाचा कोरडा, धुळकट वास येतो. लोकांना या दिवसांत हुरडा आठवतो. मला माझं पहिलं बाळंतपण आठवतं, आणि त्यातही बाळंतपण कमी, सल्ले जास्त.

यंदा आठवायला कारण घरातच आहे. धाकट्याची बायको, नेहा, आठ दिवसांपूर्वी बाळंत झाली. मुलगी. त्यांचं घर बोरगाव मेघेला, माझं नालवाडीला. नेहाच्या आईचा गुडघा नुकताच बदललाय, त्यामुळे त्या येऊ शकत नाहीत, म्हणून मीच पिशवी भरून आले. येताना ऑटोत बसल्याबसल्या शपथ घेतली होती, की शकुंतले, या वयात तरी तोंड बंद ठेवायचं. विचारलं तरच बोलायचं. ती शपथ दुपारी चार वाजेपर्यंत टिकली. चार वाजता मी म्हणाले, "पंख्याखाली नको गं पाजू."

आता पंख्यानं काय होतं, हे मला कोणी विचारलं तर सांगता यायचं नाही. तोंडातून निघून गेलं खरं.

नेहा बिचारी सगळ्यांचं ऐकते, हाच तिचा दोष. तिची आई गुडघ्यामुळे येत नाही, पण फोनमधून दिवसातून सहा वेळा येते. नव्या आयांचा एक ग्रुप आहे, त्यात दोनशे बायका. एक म्हणते घड्याळ लावून पाज, दुसरी म्हणते घड्याळ फेकून दे. खालच्या मजल्यावरच्या काकू शतावरी घेऊन येतात आणि बाळ पिताना अगदी जवळ वाकून बघतात, चष्मा लावून. आणि हे सगळं चालू असताना ती पोर मांडीवरच्या पोरीकडे नाही, फोनकडे बघत असते. मला राग येतो. मग आठवतं, की माझ्याकडे फोन नव्हता, पण दोनशे बायका होत्याच. त्या प्रत्यक्ष यायच्या.

एकोणऐंशी साल. रोहण्याला माझं माहेर. घर काही मोठं नव्हतं. समोर आंगण, मग ओसरी, ओसरीला लागून मधली खोली, मागं सैपाकघर आणि त्याच्या पाठीमागं गुरांचा कोठा. मधल्या खोलीत माझी बाज, बाजेखाली शेगडी, शेगडीत ओवा आणि बाळंतशेपा. त्या धुरात मी आणि माझा थोरला मुलगा सुधीर, दोघंही डोळे चोळत पडलेलो. घरात येण्याची वाट एकच, ओसरीवरून. मागून यायचं तर कोठ्यात बुधी बांधलेली होती. ही आमची पांढरीशुभ्र गवळाऊ गाय, दिसायला देवाची, स्वभावानं कोर्टातल्या वकिलाची. परकं माणूस दिसलं की शिंग पुढं. दूध द्यायची ते फक्त बाबांना. दुसऱ्या कोणाचा हात लागला, किंवा आजूबाजूला चार माणसं उभी राहिली, की पान्हा चोरायची. मग बादली घेऊन बसा बोंबलत.

ऐन कापसाचा हंगाम. दिवसभर बाया वावरात वेचायच्या आणि संध्याकाळी डोक्यावर गाठोडी घेऊन आमच्या आंगणात यायच्या, काट्यावर तोलायला. वीस-पंचवीस बाया. आपली पाळी येईपर्यंत करायचं काय? ओसरी चढून मधल्या खोलीच्या दारात यायचं आणि बाळंतिणीला शहाणं करायचं.

या सगळ्यांची मुख्याध्यापिका म्हणजे माझी आत्या. बाबांची थोरली बहीण. ती शेजारच्या घरात राहायची, म्हणजे झोपायला तिकडे जायची, उरलेला दिवस आमच्याकडे. आई माझी गरीब, नणंदेसमोर तोंड उघडायची नाही.

बुधी माझ्या आधी आठ दिवस व्यालेली. तेव्हा आत्यानं खरवसाची इच्छा बोलून दाखवली, तर बाबा तिच्यावर केवढ्यानं ओरडले होते. "पह्यला चीक वासराले! पोटभर! मंग उरला त आपल्याले. चीक नाई भेटला त वासरू उभं नाई राहात." आत्याही म्हणाली, "हाव बावा, हाव, वासराचं पह्यलं." आणि तीच आत्या आठ दिवसांनी माझं पहिलं दूध वाटीत काढायला लावून मोरीत ओतत होती. "पिवळं हाय, जड हाय. लेकराले बाधते." सुधीरला तीन दिवस गुळाच्या पाण्याचा बोळा. कोठ्यापासून माझ्या बाजेपर्यंत मोजून पंधरा पावलं होती. पंधरा पावलांत कायदा बदलला आणि घरात कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही आलं नाही, आणि मी बी.ए. होते.

आरोग्य केंद्राच्या नर्सबाई सोमवारी आल्या. तरुण, सायकलवरून येणाऱ्या, खणखणीत आवाजाच्या. बाळंतपणाला त्याच होत्या, बाळाचं पहिलं वजन त्यांनीच केलं होतं. या वेळी त्यांनी आपल्या झोळीच्या काट्याला सुधीरला लटकवलं, आकडा पाहिला आणि वहीतल्या पहिल्या वजनाशी ताडला. मग म्हणाल्या, "तीनशे ग्रॅम उतरलाय. अडीच किलोवर आलाय." चीक ओतून दिला हे कळल्यावर त्या इतक्या चिडल्या की आत्याला चक्क "आजी, तुम्ही बाहेर बसा" म्हणाल्या. मग मला समजावलं. बाळाचं तोंड मोठं उघडू दे, नुसतं टोक नको, काळा भाग सगळा तोंडात गेला पाहिजे, पोटाला पोट लावून धर, दर दोन तासांनी पाज, आणि पाणी पी, भरपूर पाणी पी. हे सगळं त्या खणखणीत आवाजात. ओसरीवर बाबा बसले होते. बाबांचा एवढा खोकला मी आयुष्यात कधी ऐकला नाही. खोकत खोकत ते थेट आंगण ओलांडून रस्त्यावर गेले.

जाताना नर्सबाई म्हणाल्या, "पुढच्या सोमवारी येते. तोवर वजन नाही वाढलं तर डब्याचं दूध सुरू करावं लागेल. बाळाशी खेळ नको."

डबा! मला तो शब्द गालावर मारल्यासारखा लागला. गावात डब्यावर वाढणारं एकही पोर नव्हतं. ज्या बाईनं इतकं मोठं पोट वागवलं, तिला आठ दिवसांच्या जिवाचं पोट भरता येत नाही, म्हणजे काय म्हणायचं? पण त्याहून खरी भीती वेगळी होती. सुधीर रडायचाही कमी झाला होता. नुसता कुंइ कुंइ करायचा. आठ दिवसांत त्याचे पाय माझ्या अंगठ्याएवढे झाले होते. मी ते दुपट्यात झाकून ठेवायची, मलाच दिसू नयेत म्हणून.

नर्सबाईंची सायकल वळली न वळली तोच आत्या आत. "पोरगी हाय ते. लगन नाई, लेकरू नाई, आपल्याले शिकोते." आणि संध्याकाळपासून माझ्या आठवड्याच्या अभ्यासक्रमाला सुरुवात झाली.

"बसून पाजत जाय वं, झोपून पाजलं त दूध कानात जाते."

"काऊन बसते? झोपूनच पाजजो. बसून कंबर जाते."

"उजवीकडून सुरू करजो. उजवं अन्न अन् डावं पाणी."

"दाराकडं तोंड करून नको पाजू, नजर लागते."

"अवं, दाराकडं पाठ नको करू, बरं नाई ते."

मी बाजेवर दिवसभर गोल फिरत होते. पाणी नको, दूध पातळ होते, म्हणून दिवसाला चार घोट कोमट पाणी. भात नको, वायू होते. वरण नको, लेकराचं पोट फुगते. लसूण खा, लसूण खाल्ला की दूध उतरते. एवढा लसूण खाल्ला, की सुधीर तोंड जवळ आणलं की मान फिरवायचा. वर्ध्याहून आमच्या यजमानांचं कार्ड आलं. "दूध भरपूर प्यावे म्हणजे दूध येते, असे ऑफिसात सर्वांचे मत पडले." मी ते कार्ड डोळे मिटून दोनदा मनात फाडलं. म्हणजे अख्ख्या ऑफिसात माझ्या दुधावर चर्चा झाली होती! लग्नाला दीड वर्ष झालं होतं, नवऱ्याला अजून नावानं हाक मारत नव्हते, आणि तिकडे बडेबाबूंनी मत दिलं होतं.

मग सरकी आली. ही आत्याची मोठी कल्पना. गायीला सरकी दिली की गाय जास्त दूध देते, हे कोणीही कास्तकार सांगेल. मग बाईनं काय पाप केलंय? आत्यानं गायीच्याच पोत्यातून ओंजळभर सरकी काढली, भिजवली, वाटली, फडक्यातून पिळली आणि गूळ घालून खीर शिजवली. त्याच चुलीवर बाजूला बुधीसाठी सरकी शिजत होती, तिच्यातही गूळ. दोन जर्मनचे गंज, म्हणजे पातेली, एकसारखे. आमच्याकडे कामाला येणारी पर्बताबाई ते उतरवून एक कोठ्यात आणि एक माझ्याकडे न्यायची. मला त्या तीन दिवसांत नेमकं कोणतं मिळालं याची खात्री मी आजही देऊ शकत नाही. बुधीनं तक्रार केली नाही एवढं खरं.

आणि रोज संध्याकाळी परीक्षा. सुधीरला घेतलं की दारात आठ-दहा डोकी. पदर बाजूला झाला की सगळ्या एकदम पुढं. कोणी त्याचं डोकं दाबायची, कोणी माझा खांदा मागे ढकलायची, कोणी "येते का? येते का?" विचारायची. आत्या तर पाहून झालं की बाहेर निकाल जाहीर करायची, "नाई वं, कोरडीच हाय अजून." एकदा तर काट्यावर कापूस तोलत असलेल्या बाईनं तिकडूनच ओरडून विचारलं, "आलं का?" आणि आंगणभर बाया "नाई!" म्हणाल्या. मला आज हसू येतं. तेव्हा मी दात घट्ट आवळून बसायची, आणि जितकी घट्ट बसायची तितकं काहीच व्हायचं नाही.

गुरुवारी आत्यानं ठरवलं की नर्सच्या काट्यावर भरवसा नाही. आपला काटा काय वाईट आहे? पिढ्यानपिढ्या तोललंय त्याच्यावर. ओसरीच्या आढ्याला धान-डाळ तोलायचा लहान ताणकाटा होता. संध्याकाळच्या वेळी, सगळ्या बायांसमोर, सुधीरला दोन दुपट्यांत गुंडाळून, गाठोड्यासारखी गाठ मारून, आकड्याला अडकवला. काटा हलला, थांबला. आत्यानं डोळे बारीक केले. "पावणेतीन!"

अडीचाचा पावणेतीन! तीन दिवसांत पाव किलो! आंगणात एकच गलका झाला. आत्या म्हणाली सरकी. कोणी म्हणालं लसूण. पर्बताबाईनं गूळ वाटला. मी आत बाजेवर बसून हुंदके देऊन रडत होते, आनंदानं. आई माझ्या पाठीवरून हात फिरवत होती आणि तिचेही डोळे वाहत होते.

तेवढ्यात बाबा वावरातून आले. काय झालं, त्यांना पंचवीस जणींनी एकदम सांगितलं. बाबा काट्याजवळ गेले. चाळीस वर्षं कापूस घेतलेला माणूस. गाठोडं समोर लटकलेलं दिसलं की त्यांचा हात आपोआप आत जायचा, माल वला आहे की सुका बघायला. वेचणाऱ्या बाया दंवातला कापूस आणतात, मग वजन जास्त भरतं, म्हणून ती सवय. तसाच हात त्यांनी नातवाच्या गाठोड्यात घातला. बाहेर काढला. धोतराला पुसला.

"वला हाय," म्हणाले.

"कोण वला?" आत्या.

"माल."

आईनं बाहेर जाऊन सुधीरला घेतलं आणि ती दोन दुपटी तेवढी आकड्याला लावली. पाव किलो. वर थोडी.

मग पर्बताबाईला हसू फुटलं, आणि तिच्यामागं सगळ्यांना. मलाही आलं. आत बाजेवर मी हसत सुटले, आणि हसता हसता कधी दुसरंच सुरू झालं ते कळलं नाही. तोंडात पदर कोंबला तरी आवाज बाहेर जात होता. म्हणजे तीन दिवसांत माझं पोर एका गुंजेनंही वाढलं नव्हतं. तेवढ्यात आत्याचा आवाज आला, तिच्या मते हळू, "पोरगी पान्हा चोरते बावा. तुह्या बुधीसारखीच. डबा आणा लागन."

बाबांनी बायांचा कापूस तोलून घेतला आणि जेवायला बसले.

शुक्रवारी सकाळी बाबांची कंबर धरली.

कळा एवढ्या, की त्यांना आत नेणंही शक्य नव्हतं. "हातच नको लावू, बाज इकडंच आण," असं ते ओरडले, म्हणून ओसरीवरच बाज टाकली. कुठं? मधल्या खोलीच्या दारात, आडवी. जरा सरकवू म्हटलं तर किंकाळी. बाबा त्यावर उताणे झाले, डोळे मिटले आणि म्हणाले, "आता हालत नाई मी."

सगळं गाव हादरलं. ऐन हंगामात कास्तकार बाजेवर! पऱ्हाटी फुटून पांढरी झालेली, आज नाही वेचला तर उद्या मातीत, आणि हा माणूस आडवा. आईला वावरात जावं लागलं, काटाही तिच्यासोबत बंडीत घालून वावरात गेला, तोलणं तिकडेच. म्हणजे आंगण रिकामं.

बाया तरीही आल्याच, पण ओसरीपर्यंत. दारात गावातला वडीलधारा माणूस आडवा पडलेला. त्याला ओलांडून कोण जाणार? पदर डोक्यावर घेऊन, खाली बघून, "कसं हाय जी आता?" एवढंच विचारायच्या आणि परत. आत्या त्यांची थोरली बहीण, ती ओलांडून गेलीही असती, पण तिला आता आत यायला फुरसत कुठं होती? भावाच्या कमरेला विटेचा शेक, तेल, लेप, काढा. सल्ल्यांचा सगळा लोंढा दाराबाहेर अडला आणि बाबांवर पडला.

"पालथं झोपा जी."

"पालथं नका झोपू, उताणं बरं."

"लसूण खा, लसूण वात मारते."

मी आतून ऐकत होते. बाबांनी लसूण खाल्ला. काढा प्याले. माझ्यासाठी केलेले डिंकाचे लाडू आत्यानं त्यांना दिले, हाडाला बरे म्हणून, ते खाल्ले. शेवटी आत्याच्या घरून सरकीची खीर आली. एक घोट घेऊन बाबांनी वाटी खाली ठेवली. मग म्हणाले, "हे शकूले देत होता तुम्ही?"

"हाव. काऊन?"

"काई नाई," बाबा म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून ती आतली वाटीसुद्धा "इकडं आण, मले फरक पडून राह्यला" म्हणून त्यांनीच घेतली.

आत मी आणि सुधीर. बाळंत झाल्यापासून पहिल्यांदा आम्ही दोघंच. मला आधी कसंतरीच वाटलं. या माणसाशी माझी नीट ओळखच झालेली नव्हती. त्याच्या डाव्या कानामागं एक तीळ आहे हे मला त्या शुक्रवारी कळलं. कोपऱ्यातल्या माठातून तांब्या भरून पाणी प्याले, दोन तांबे, चोरून. मग नर्सबाईंचं बोलणं आठवलं. पोटाला पोट. तोंड मोठं उघडू दे. त्यानं ओठ नुसते चाचपले, सुटला, कुंइ केलं. पुन्हा. पुन्हा. कोणी "येते का" विचारायला नव्हतं, म्हणून मीही स्वतःला विचारायचं सोडून दिलं. भिंतीला टेकून बसले. बाहेर आत्या बाबांना अंगारा लावत होती. दुपारी कधीतरी त्यानं एकदम मोठ्ठं तोंड उघडलं आणि असं धरलं, की मी "अगं आई" म्हणाले. आणि मग छातीत मुंग्या आल्यासारखं झालं, दुसऱ्या बाजूनं पदर ओला व्हायला लागला, पोलकं ओलं झालं, आणि त्याच्या घशातून गट्ट गट्ट असा आवाज यायला लागला. मी तो आवाज ऐकत बसले. इतका गोड आवाज मी पुढे कधी ऐकला नाही, आणि गाण्याच्या बैठकींना मी पुष्कळ गेले आहे.

ओरडून सांगावंसं वाटलं. पण नाही सांगितलं. सांगितलं असतं तर सगळ्या बघायला आल्या असत्या.

शनिवारी पहाटे जाग आली ती बादलीतल्या धारेच्या आवाजानं. सैपाकघराचं मागचं दार किलकिलं करून पाहिलं. बाबा बुधीच्या कासेशी उकिडवे बसले होते, आरामात. धार झाली, उठले, भरलेली बादली एका हातात, आणि दुसऱ्या हातानं सरकीच्या ढेपेचं पोतं खांद्यावर मारून कोठ्याच्या त्या टोकाला नेऊन ठेवलं. मग हात झटकले, ओसरीवर आले, बाजेवर आडवे झाले आणि आत्या यायच्या आधी एकदा सराव म्हणून कण्हले.

मी दार हळूच लावलं. शनिवार गेला, रविवार गेला. वावरात आई एकटी हैराण, कितीतरी कापूस खाली पडून मातीला मिळाला. आई रोज रात्री चिडून सांगायची, बाबा डोळे मिटून ऐकायचे. आमचं ठरलेलं नव्हतं, तरी आम्ही दोघंही गप्प होतो.

सोमवारी नर्सबाई आल्या. सायकल लावली, बाबांच्या बाजेपाशी थांबल्या. त्यांच्यासाठी मात्र बाबांनी स्वतः पाय आखडून घेतले. सुधीरला उघडा करून झोळीत घातलं. पावणेतीन. या वेळी कोरडं. नर्सबाई हसल्या आणि म्हणाल्या, "डबा नको. काय केलं गं?"

मी उत्तर द्यायच्या आधीच दाराबाहेरून उत्तरं आली. सरकी. लसूण. शुक्रवारी ओसरीवरूनच काढलेली दृष्ट. आमच्या यजमानांनी पुढच्या कार्डात ऑफिसचं अभिनंदन केलं. बाबांची कंबर मात्र त्याच तासाला बरी झाली. ती आत्याच्या तेलानं बरी झाली असं गावात शेवटपर्यंत मानलं गेलं, आणि आत्या त्या तेलाची बाटली पुढे लोकांना देत असे. सुधीर आज पंचेचाळीसचा आहे. डॉक्टर त्याला वजन उतरवा म्हणतात. ते काही उतरत नाही.

आज सकाळी खालच्या काकू चष्मा लावून गेल्या, मग फोनमधून विहीणबाई आल्या, मग ग्रुपवर कोणीतरी विचारलं की आठव्या दिवशी बाळाचं वजन किती हवं. मी सैपाकघरात होते. आतून आवाज बंद झाला म्हणून गेले, तर नेहा फोन उशीखाली खुपसून बसलेली, मांडीवर पोरगी रडतेय आणि ही पण. मला बघितल्यावर म्हणाली, "आई, माझंच काहीतरी चुकतंय का हो?"

माझ्या जिभेवर कमीत कमी पंधरा सल्ले होते. पोटाला पोट, पाणी, पंखा. सगळे रांगेत उभे. मी त्यांना तिथेच थांबवलं आणि तिच्याजवळ बसले. मला त्या सोमवारची संध्याकाळ आठवली.

नर्सबाई गेल्या होत्या. आत्या तेलाची बाटली घेऊन गावात. मी सुधीरला घेऊन मागच्या दारात उभी राहिले. बाळंतिणीनं असं उभं राहायचं नसतं, पण बघायला कोणी नव्हतं. बाबा धार काढत होते. बाबांशी मी असल्या गोष्टी जन्मात कधी बोललेली नाही, ते तर त्या विषयाच्या वासानंही रस्त्यावर निघून जायचे. म्हणून मी एवढंच विचारलं, "बाबा, कंबर कशी आहे?"

त्यांनी मान वर केली नाही. धार चालूच.

"कंबरेले काय होते? काईच झालं नव्हतं," ते म्हणाले. मग बादलीकडेच बघत, "अन् तुहंही काई चुकलं नव्हतं, शकू."